स्थलांतरित 'असुरक्षित' केव्हा ठरतो आणि ते कोण ठरवते

देश सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्या देशाने कशी वागणूक द्यावी, याविषयीच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत 'असुरक्षित' हे विशेषण आता इतके रुळले आहे की, त्याची एखादी सर्वमान्य व्याख्या असणारच, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात सर्व देशांवर बंधनकारक असलेली अशी एकही व्याख्या नाही. काही कायद्यांतल्या याद्या आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे आहेत, मानवी तस्करीविरुद्धच्या एका कराराला जोडलेल्या स्पष्टीकरणातले एक वाक्य आहे, आणि युरोपातल्या न्यायालयांचे निकाल आहेत. या प्रत्येक ठिकाणी असुरक्षिततेचा अर्थ थोडा वेगळा आहे. एखाद्या माणसाला बेटावरच्या छावणीत अडकून पडावे लागेल की मुख्य भूमीवर जाता येईल, त्याला स्थानबद्ध केले जाईल की मोकळे सोडले जाईल, हे कित्येकदा या फरकावरच अवलंबून असते.

ही संकल्पना मुळात लागली कशाला, हे आधी पाहू. १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि त्याची काळाची व भूगोलाची मर्यादा काढून टाकणारा १९६७ चा पूरक करार यांनी निर्वासित कोण, हे बऱ्यापैकी नेमकेपणाने ठरवले आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे आणि त्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित. या व्याख्येत माणूस किती दुबळा, किती आजारी किंवा किती गरीब आहे, याला स्थान नाही. धडधाकट, सुशिक्षित आणि सधन माणूसही निर्वासित असू शकतो. उलट, उपासमारीमुळे गाव सोडलेला माणूस केवळ त्या कारणाने निर्वासित ठरत नाही. त्यामुळे एका बाजूला विशिष्ट कायदेशीर संरक्षण असलेले निर्वासित आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सगळे 'स्थलांतरित', अशी विभागणी झाली. मानवी हक्कांचा कायदा या उरलेल्यांनाही लागू आहे, पण निर्वासितांसाठी जशी ठरलेली व्यवस्था आणि जबाबदार संस्था आहे, तशी त्यांच्यासाठी नव्हती.

ही पोकळी २०११ मध्ये लिबियात स्पष्ट दिसली. तिथे युद्ध पेटले तेव्हा इतर देशांतून कामासाठी आलेले लाखो मजूर अडकून पडले. त्यांना त्यांच्या मायदेशात छळाची भीती नव्हती, म्हणून ते निर्वासित नव्हते. पण जीव तर धोक्यात होता, आणि परत जायला पैसे, कागदपत्रे किंवा वाहन यांपैकी काहीही नव्हते. पुढे २०१४ मध्ये अमेरिका आणि फिलिपीन्स यांच्या पुढाकाराने संकटग्रस्त देशांतल्या स्थलांतरितांविषयी एक उपक्रम सुरू झाला आणि २०१६ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. निर्वासित नसलेल्या पण संरक्षणाची गरज असलेल्या माणसांविषयी बोलण्यासाठी याच सुमारास 'असुरक्षित स्थितीतील स्थलांतरित' ही शब्दयोजना रूढ होत गेली.

मात्र याच शब्दाचा दुसरा वापर आधीपासून चालू होता आणि तो नेमका उलट्या दिशेचा आहे. निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्यांपैकी दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांना तिसऱ्या देशात कायमस्वरूपी पुनर्वसनाची संधी मिळते. इतक्या थोड्या जागा कोणाला द्यायच्या, हे ठरवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने सात वर्गवाऱ्या केल्या आहेत. कायदेशीर किंवा शारीरिक संरक्षणाची गरज, छळाचे किंवा हिंसेचे बळी, वैद्यकीय गरज, धोक्यात असलेल्या स्त्रिया व मुली, कुटुंबाचे पुनर्मीलन, धोक्यात असलेली मुले, आणि दुसरा कोणताही टिकाऊ पर्याय नजीकच्या काळात न दिसणे, या त्या वर्गवाऱ्या. म्हणजे एकच संकल्पना दोन कामे करते. एका वापरात ती दार रुंद करते, दुसऱ्या वापरात ती दारासमोर रांग लावते. माझ्या मते या विषयातला बहुतेक गोंधळ आणि बहुतेक अन्याय या दोन कामांची सरमिसळ केल्याने होतो. सरकारे जाहीरनाम्यांत पहिल्या अर्थाने बोलतात आणि कार्यालयांत दुसऱ्या अर्थाने वागतात.

याद्यांची पद्धत

कायदा करणाऱ्याला सर्वांत सोयीची वाटते ती यादी. आश्रयार्थींच्या, म्हणजे आश्रयासाठी अर्ज केलेल्यांच्या, निवास आणि देखभालीविषयी युरोपीय संघाने २०१३ मध्ये केलेल्या निर्देशात, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यांत उतरवायच्या नियमावलीत, अशी यादी आहे. अल्पवयीन मुले, सोबत पालक नसलेली मुले, अपंग, वृद्ध, गरोदर स्त्रिया, अल्पवयीन मुलांसह एकटे असलेले आई किंवा वडील, मानवी तस्करीचे बळी, गंभीर आजारी व्यक्ती, मानसिक विकार असलेल्या व्यक्ती, आणि छळ, बलात्कार किंवा अन्य गंभीर मानसिक, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या व्यक्ती यांचा त्यात समावेश होतो. यादीच्या आधी 'जसे की' असा शब्दप्रयोग असल्यामुळे ती बंदिस्त नाही, पण राबवणारा अधिकारी बहुधा ती बंदिस्त असल्याप्रमाणेच वाचतो.

आता याच संघाचा २००८ चा निर्देश पाहावा. तो बेकायदा वास्तव्य करणाऱ्यांना परत पाठवण्याविषयी आहे. त्यातही 'असुरक्षित व्यक्ती' यांची व्याख्या आहे, पण तीत तस्करीचे बळी नाहीत, गंभीर आजारी नाहीत आणि मानसिक विकार असलेलेही नाहीत. एखादी बाई आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत तस्करीची बळी म्हणून असुरक्षित गणली जाते. अर्ज फेटाळला गेला आणि परतीची प्रक्रिया सुरू झाली की व्याख्येतून ती वर्गवारीच नाहीशी होते. बाईच्या परिस्थितीत दरम्यान काहीही बदललेले नसते. बदललेले असते ते फक्त सरकारला तिच्याबाबत काय करायचे आहे, हे.

यादी कशी बदलते आणि त्या बदलाचे परिणाम किती थेट असतात, हे ग्रीसमध्ये दिसले. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यात स्थलांतर रोखण्याविषयी समझोता झाल्यानंतर लेस्बोस, सामोस यांसारख्या बेटांवर उतरणाऱ्या आश्रयार्थींना बेटावरच थांबवून त्यांचे अर्ज जलदगतीने निकाली काढण्याची पद्धत सुरू झाली. असुरक्षित ठरलेल्या व्यक्तींना मात्र त्या जलदगती प्रक्रियेतून वगळून मुख्य भूमीवर जाऊ दिले जात असे. २०१६ च्या ग्रीक कायद्यातल्या यादीत आघातोत्तर मानसिक तणावाचा विकार असलेल्या व्यक्ती होत्या, आणि त्यांत बोट बुडण्याच्या दुर्घटनांतून वाचलेल्यांचा व मृतांच्या नातेवाइकांचा विशेष उल्लेख होता. ज्या समुद्रातून ही माणसे आली होती तो लक्षात घेता, ही नोंद कोणीतरी प्रत्यक्ष परिस्थिती पाहून केली असावी असे वाटते. पण बेटावरून बाहेर पडण्याची ती एक मुख्य वाट ठरल्यावर वैद्यकीय तपासणीच्या रांगा वाढल्या, तपासणीला महिने लागू लागले, आणि सवलतीचा गैरवापर होत असल्याचा सूर उमटू लागला. २०१९ मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्यात हा विकार असुरक्षिततेच्या यादीतून काढून टाकण्यात आला. जानेवारी २०२० पासून तो कायदा लागू झाला. विकार असलेली माणसे तीच राहिली. त्यांना लागू होणारा शब्द मात्र गेला.

यादीची दुसरी अडचण म्हणजे ती ज्यांना धरत नाही, त्यांना ती सक्षम ठरवून मोकळी होते. तरुण, एकटा, निरोगी दिसणारा पुरुष जवळपास कुठल्याच यादीत नसतो. २०१५ च्या अखेरीस कॅनडाने २५,००० सीरियन निर्वासितांना आणण्याचे ठरवले, तेव्हा पूर्ण कुटुंबे, धोक्यात असलेल्या स्त्रिया आणि लैंगिक ओळखीमुळे धोक्यात असलेल्या व्यक्ती यांना प्राधान्य दिले गेले. हे प्राधान्य चुकीचे होते असे म्हणता येणार नाही, कारण जागा मोजक्या होत्या. पण युद्धात सक्तीने सैन्यात ओढला जाण्याची, पकडला जाण्याची किंवा छळला जाण्याची शक्यता तरुण पुरुषांच्याच वाट्याला मोठ्या प्रमाणावर येते, आणि अशा निवडीत तीच माणसे मागे राहतात. पुरुषाच्या बाबतीत दुबळेपणा दिसला पाहिजे, हा न लिहिलेला नियम या याद्यांमागे असतो.

पुरावा कोणाचा आणि कसा

यादीत नाव असणे ही पहिली पायरी झाली. आपण त्या यादीतले आहोत हे सिद्ध करणे ही दुसरी. मुलांपुरते बोलायचे तर बालहक्क करारानुसार सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिचे हित प्राधान्याने पाहायला हवे. पण कागदपत्रे नसलेल्या मुलाचे वय ठरवायचे कसे? अनेक देशांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ एका प्रमाणित चित्रसंग्रहाशी ताडून पाहतात. त्यातून मिळतो तो अंदाज, आणि सोळा ते वीस या टप्प्यात तो एक-दोन वर्षांनी सहज चुकू शकतो. एवढ्या फरकाने मुलाची रवानगी बालगृहाऐवजी प्रौढांच्या स्थानबद्धता केंद्रात होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने स्पेनविरुद्धच्या अनेक तक्रारींत ही पद्धत दोषी ठरवली आहे आणि शंका उरल्यास ती व्यक्ती बालक आहे असे मानावे, असे स्पष्ट केले आहे. आश्रयाच्या प्रक्रियेविषयीच्या युरोपीय संघाच्या २०१३ च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे.

छळ सोसलेल्या माणसाचे काय? ब्रिटनमध्ये २०१६ पासून स्थानबद्धतेतील 'जोखीमग्रस्त प्रौढ' यांच्याविषयी एक धोरण आहे आणि त्यात पुराव्याच्या तीन पायऱ्या आहेत. व्यक्तीने स्वतः सांगितले तर ती पहिली पायरी; डॉक्टर किंवा तत्सम व्यावसायिकाने दुजोरा दिला तर दुसरी; आणि स्थानबद्ध ठेवल्यास या व्यक्तीला हानी होण्याची शक्यता आहे, असे व्यावसायिकाने लिहून दिले तर तिसरी. पायरी जितकी वरची तितके त्या व्यक्तीला स्थानबद्ध ठेवण्यासाठी सरकारला अधिक सबळ कारण लागते. या धोरणात मुळात छळाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारातून घेतली होती, आणि त्या करारात छळ म्हणजे सरकारी व्यक्तींनी किंवा त्यांच्या संमतीने केलेला छळ. साहजिकच सशस्त्र टोळ्यांनी किंवा तस्करांनी ज्यांचे हाल केले, ते या व्याख्येबाहेर राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ही मर्यादा बेकायदा ठरवली. कोठडीमुळे माणसाच्या मनावर होणारा परिणाम, त्याला पूर्वी छळणाऱ्याच्या अंगावर सरकारी गणवेश होता की नव्हता, यावर अवलंबून नसतो. ही साधी गोष्ट मान्य करून घ्यायला खटला लढवावा लागला.

यादीकडून परिस्थितीकडे

या अडचणी लक्षात घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तालयाने इतर संस्थांसह २०१८ मध्ये असुरक्षित स्थितीतील स्थलांतरितांविषयी २० तत्त्वे आणि त्यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत व्याख्येचा रोखच बदलला आहे. जी व्यक्ती आपले मानवी हक्क प्रत्यक्षात उपभोगू शकत नाही, जिच्यावर अत्याचार होण्याचा किंवा जिचे हक्क डावलले जाण्याचा धोका वाढलेला आहे, आणि म्हणून जिला सरकारकडे अधिक काळजीची मागणी करण्याचा हक्क आहे, ती असुरक्षित स्थितीत आहे, असा या व्याख्येचा आशय. ही स्थिती तीन ठिकाणांहून येऊ शकते. देश सोडायला लावणारी कारणे, हे पहिले. प्रवासात किंवा पोहोचल्यावर वाट्याला येणारी परिस्थिती, हे दुसरे. वय, लिंगओळख, वंश, अपंगत्व, आरोग्य यांसारखी व्यक्तीची स्वतःची वैशिष्ट्ये, हे तिसरे. जुन्या याद्या प्रामुख्याने या तिसऱ्या गोष्टीभोवती फिरत होत्या. नव्या व्याख्येत घर सोडताना पूर्ण सक्षम असलेला माणूस वाळवंटातल्या प्रवासात, ओलीस धरला गेल्यावर किंवा पासपोर्ट हिरावला गेल्यावर असुरक्षित होऊ शकतो, आणि पुढे परिस्थिती सुधारली की त्या स्थितीतून बाहेरही येऊ शकतो.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने कामाच्या सोयीसाठी वापरलेला आराखडा याच विचाराचा आहे. व्यक्ती, कुटुंब, समुदाय आणि एकूण व्यवस्था अशा चार पातळ्यांवर कोणते घटक धोका वाढवतात आणि कोणते संरक्षण देतात, हे तो तपासतो. शिक्षण नसणे हा एका पातळीवरचा धोका, पाठीशी उभे राहणारे कुटुंब असणे हे दुसऱ्या पातळीवरचे संरक्षण. यात संरक्षक घटकही मोजले जातात, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण तेवढ्याने माणूस निव्वळ दयेचा विषय उरत नाही. तरीही प्रत्यक्ष मुलाखतीत व्यक्तीविषयीचे प्रश्न विचारणे सोपे आणि व्यवस्थेविषयीचे अवघड. केसवर्कर, म्हणजे प्रकरण हाताळणारा कर्मचारी, समोरच्या माणसाचा आजार नोंदवू शकतो, औषध मिळवून देऊ शकतो. त्या देशाचा व्हिसा कायदा तो बदलू शकत नाही. त्यामुळे आराखडा चार पातळ्यांचा असला, तरी मदत बहुधा पहिल्या दोन पातळ्यांवरच होते.

राजकीय पातळीवर हा बदल सुरक्षित, सुव्यवस्थित आणि नियमित स्थलांतराच्या जागतिक करारात उतरला. हा करार डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतील माराकेश इथे स्वीकारला गेला आणि १९ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५२ विरुद्ध ५ मतांनी त्याला मान्यता दिली. १२ देश तटस्थ राहिले. अमेरिका, इस्रायल, हंगेरी, पोलंड आणि चेक प्रजासत्ताक यांनी विरोधी मत दिले. करारात २३ उद्दिष्टे आहेत आणि त्यांतले सातवे स्थलांतरातील असुरक्षितता कमी करण्याविषयी आहे. निर्वासित आणि स्थलांतरित यांच्याविषयी संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१६ मध्ये केलेल्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात असुरक्षित स्थितीतल्या लोकांची जी यादी होती, ती या उद्दिष्टात जवळपास तशीच आली आहे, पण तीत दोन महत्त्वाच्या नोंदींची भर पडली: शोषणाला तोंड देणारे कामगार आणि घरकामगार. यातले पुष्कळ जण कायदेशीर परवान्यावर आलेले, कमावते, वरवर सुस्थितीत दिसणारे असतात. अपंग, वृद्ध आणि लहान मुले यांच्या पंक्तीत कामगाराचा समावेश होणे, हे असुरक्षिततेचा उगम शरीरात शोधण्याऐवजी नात्यात, म्हणजे मालक आणि मजूर यांच्या बळातल्या तफावतीत शोधण्यासारखे आहे.

मानोलादाचे शेत

बळातल्या तफावतीचा हा विचार तस्करीच्या कायद्यात आधीच आला होता. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या, पालेर्मो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पूरक करारात मानवी तस्करीची जी साधने सांगितली आहेत, त्यांत बळजबरी, अपहरण आणि फसवणूक यांच्याबरोबर 'असुरक्षित, म्हणजे अगतिक, स्थितीचा गैरफायदा' हेही एक साधन आहे. वाटाघाटींच्या वेळी या शब्दांचा अर्थ टिपेत नोंदवला गेला: जिथे व्यक्तीपुढे त्या अत्याचाराला शरण जाण्यावाचून दुसरा कोणताही खरा आणि स्वीकारार्ह पर्याय नाही, अशी कोणतीही परिस्थिती. वाक्य छोटे आहे, पण त्यातला 'स्वीकारार्ह' हा शब्द फार काम करतो. दार उघडे असूनही माणूस बांधलेला असू शकतो, हे त्यात गृहीत आहे.

ग्रीसमधल्या मानोलादा इथल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर २०१२-१३ च्या हंगामात बांगलादेशी मजूर कामाला होते. त्यांच्याकडे कामाचे परवाने नव्हते. सात तासांच्या कामाला २२ युरो आणि जादा प्रत्येक तासाला ३ युरो असा बोलीचा दर ठरला होता, आणि त्यातून जेवणाचे रोज ३ युरो कापले जाणार होते. प्रत्यक्षात ते सशस्त्र रखवालदारांच्या देखरेखीखाली रोज बारा तास राबत आणि पुठ्ठे, नायलॉन, बांबू यांच्या झोपड्यांत राहत. तिथे ना संडास होते, ना नळाचे पाणी. महिनोन्महिने मजुरी मिळाली नाही. १७ एप्रिल २०१३ रोजी शंभरावर मजूर थकलेले पैसे मागायला एकत्र आले, तेव्हा एका रखवालदाराने गोळीबार केला आणि सुमारे ३० जण गंभीर जखमी झाले.

ग्रीसमधल्या पात्रास इथल्या न्यायालयाने २०१४ मध्ये गोळीबाराबद्दल शिक्षा दिली, पण तस्करीच्या आरोपातून आरोपींना मुक्त केले. मजूर आपल्या मर्जीने कामावर आले होते, मोकळ्या वेळात ते परिसरात हिंडू-फिरू शकत होते, नोकरी सोडून जाऊ शकत होते, म्हणून ते पूर्णतः अगतिक नव्हते, असा त्या न्यायालयाचा तर्क होता. त्यांतील ४२ जणांचे प्रकरण पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ३० मार्च २०१७ च्या निकालात त्या न्यायालयाने म्हटले की, मालक जेव्हा आपल्या सत्तेचा दुरुपयोग करतो किंवा कामगारांच्या असुरक्षिततेचा फायदा उठवून त्यांचे शोषण करतो, तेव्हा ते कामगार स्वेच्छेने काम करत आहेत असे म्हणता येत नाही, आणि कामावर येताना दिलेली संमती त्याला पुरेशी ठरत नाही. हे मजूर बेकायदा राहत होते; काम सोडले तर पकडले जाण्याची आणि परत पाठवले जाण्याची शक्यता होती; आणि निघून गेल्यास थकलेली मजुरी कधीच हाती येणार नव्हती. न्यायालयाने ही सक्तीची मजुरी आणि तस्करी मानून ग्रीसला दोषी धरले.

या मजुरांपैकी कोणीही युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशाच्या यादीतल्या वय, अपंगत्व, गरोदरपण किंवा आजार या वर्गवाऱ्यांत सहजी बसले नसते. ते कष्टाची कामे करू शकणारे प्रौढ पुरुष होते, आणि नेमके म्हणूनच त्यांना तिथे आणले होते. त्यांना असुरक्षित केले ते कागदपत्रांच्या अभावाने, थकलेल्या पैशांनी आणि पोलिसांकडे जाण्याच्या भीतीने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीचे जे अकरा निर्देशक सांगितले आहेत, त्यांत पहिलाच असुरक्षिततेचा गैरफायदा हा आहे. कागदपत्रे काढून घेणे, मजुरी अडवणे आणि कर्जात बांधून ठेवणे हेही त्यांत आहेत.

न्यायालयांनी आखलेली रेषा

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे इतर निकाल मात्र इतके सरळ नाहीत. जानेवारी २०११ मध्ये एका अफगाण आश्रयार्थीच्या खटल्यात बेल्जियम आणि ग्रीस दोघांनाही दोषी ठरवताना न्यायालयाच्या मोठ्या पीठाने म्हटले की, आश्रयार्थी हा मुळातच वंचित आणि असुरक्षित असा लोकसमूह आहे आणि त्याला विशेष संरक्षणाची गरज आहे. बेल्जियमने परत पाठवलेला हा माणूस अथेन्समध्ये कित्येक महिने उद्यानात राहत होता. सगळ्या आश्रयार्थींना सरसकट असुरक्षित गट मानण्याला न्यायमूर्ती आंद्राश शायो यांनी त्याच निकालात वेगळे मत नोंदवून आक्षेप घेतला; हा काही एकजिनसी गट नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये तीन ट्युनिशियन तरुणांचे प्रकरण आले. २०११ मध्ये समुद्रातून इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर आणून त्यांना आधी गर्दीने भरलेल्या केंद्रात आणि मग पालेर्मोच्या बंदरातल्या जहाजांवर ठेवले होते. ही स्थानबद्धता बेकायदा होती, हे मोठ्या पीठाने मान्य केले. पण तिथल्या हालअपेष्टा अमानुष वागणुकीच्या पातळीला पोहोचत नाहीत, असे ठरवताना न्यायालयाने ज्या बाबी मोजल्या, त्यांत हे तरुण आश्रयार्थी नव्हते, मायदेशात काही भयंकर सोसल्याचा त्यांचा दावा नव्हता, ते वृद्ध किंवा अल्पवयीन नव्हते, २३ ते २८ वयाचे होते आणि त्यांना कोणताही आजार नव्हता, या बाबी होत्या. म्हणजे २०११ च्या निकालाने आश्रयाचा अर्ज केल्याकेल्या माणसाला असुरक्षित मानले, आणि २०१६ च्या निकालाने अर्ज न केलेल्याची असुरक्षितता पुन्हा वयाच्या आणि आजाराच्या यादीत शोधली. गर्दीत जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक तर्काला धरून आहे असे मला वाटत नाही, पण तो कायद्याचा आजचा भाग आहे.

धोरणच जेव्हा कारण असते

जागतिक कराराच्या सातव्या उद्दिष्टाखाली जी कामे सुचवली आहेत, त्यांतले पहिलेच फारसे कोणी उद्धृत करत नाही. देशांनी आपली धोरणे आणि पद्धती तपासून पाहाव्यात आणि त्यांच्यामुळे स्थलांतरितांची असुरक्षितता निर्माण होत नाही, वाढत नाही किंवा नकळतही तिच्यात भर पडत नाही, याची खात्री करावी, असे ते कलम सांगते. त्याच उद्दिष्टात, परवान्याचा एक प्रकार संपल्यावर दुसऱ्यात जाण्याची सुलभ प्रक्रिया असावी म्हणजे माणूस बेकायदा ठरणार नाही, असेही म्हटले आहे. आखाती देशांतली कफाला पद्धत हे धोरणामुळेच असुरक्षितता निर्माण होण्याचे ठळक उदाहरण. तीत कामगाराचा राहण्याचा परवाना एका मालकाशी जोडलेला असतो, आणि मालक सोडला की परवानाही धोक्यात येतो. काही देशांनी अलीकडच्या वर्षांत तिच्यात सुधारणा केल्या आहेत, पण एकाच मालकाशी बांधलेले परवाने आखातापुरते मर्यादित नाहीत. हंगामी शेतमजूर आणि घरकामगार यांच्यासाठी ते अनेक श्रीमंत देशांत आहेत. अशा परवान्यावरची घरकामगार स्त्री 'असुरक्षित' म्हणून नोंदवून तिला समुपदेशन देणे एक, आणि तिला मालक बदलण्याचा हक्क देणे वेगळे. पहिल्याला अनुदान मिळते, दुसऱ्याला कायदा बदलावा लागतो.

इथे जागतिक कराराची मर्यादाही दिसते. तो कायदेशीररीत्या बंधनकारक नाही, आणि प्रत्येक देशाला आपले स्थलांतर धोरण ठरवण्याचा सार्वभौम अधिकार आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. सर्वांत व्यापक व्याख्या जिथे आहे तिथे बंधन नाही, आणि जिथे बंधन आहे तिथे याद्या आहेत.

त्या याद्याही आता नव्याने लिहिल्या जात आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये स्थलांतर आणि आश्रयाचे कायदे एकत्रितपणे बदलले आणि १२ जून २०२६ ही त्यांतील बहुतेक नियम लागू होण्याची तारीख ठरवली. निवास आणि देखभालीच्या नव्या निर्देशाने यादी वाढवली आहे; समलिंगी, पारलिंगी आणि तत्सम व्यक्तींचा तीत स्पष्ट उल्लेख आहे, आणि अर्ज केल्यापासून ३० दिवसांत प्रत्येकाच्या विशेष गरजांची तपासणी पूर्ण करण्याची मुदत घातली आहे. त्याआधी सीमेवरच्या प्राथमिक छाननीत ओळख, आरोग्य आणि सुरक्षा यांच्या तपासणीबरोबर असुरक्षिततेचीही प्राथमिक तपासणी करण्याची तरतूद आहे, आणि या सगळ्यासाठी सात दिवसांची मुदत आहे. मुदत असणे चांगलेच, कारण ग्रीक बेटांवर मुदतीअभावी माणसे महिनोन्महिने ताटकळली. पण छळाचे वैद्यकीय पुरावे कसे नोंदवावेत हे सांगणारी, १९९९ ची आणि २०२२ मध्ये सुधारलेली इस्तंबूल मार्गदर्शिका मुलाखतीसाठी एकांत, विश्वास आणि पुरेसा वेळ मागते, कारण बलात्कार किंवा छळ सोसलेली व्यक्ती पहिल्या भेटीत क्वचितच बोलते. सात दिवसांच्या छाननीत अपंगत्व, गरोदरपण आणि लहान वय दिसेल. बाकीच्या गोष्टी ३० दिवसांच्या तपासणीत पुढे आल्या तरच नोंदल्या जातील, आणि त्यानंतर समोर आलेल्या गोष्टींची दखल घ्यायची की त्या उशिरा सांगितल्या म्हणून त्यांवर संशय घ्यायचा, हे त्या त्या देशाच्या अधिकाऱ्यावर राहील.